मस्तक न झुकवणाऱ्या घराण्याचा घोडा

एका राज्यात राजघराण्यातल्या कुणी मस्तक झुकवायचे नाही, असा नेम होता. तो कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हते. पाळत मात्र सगळे. महालाचे दरवाजे अंबारीसकट हत्ती जावा एवढे उंच होते. देवळातला देव चढवत चढवत इतका वर नेऊन बसवला होता की त्याचे दर्शन ताठ मानेनेच घडे. ताट छातीएवढ्या चौरंगावर येई. राजपुत्राच्या बोटातली अंगठी निसटली तर उचलायला दुसरा कुणी धावे. धावणारा जवळ नसला तर अंगठी तिथेच राही. त्या महालाचे अंगण झाडणारे लोक फार सुखी होते, असे म्हणतात.

राजाचे नाव भद्रसेन. त्याला शशिकेतू हा पुत्र आणि कुवलया ही कन्या. शशिकेतू थोरला, देखणा, शूर आणि भारी वेगाचा. घोड्यावर बसला की त्याला फक्त पुढचे दिसे. घोड्याच्या तोंडाला फेस आला आहे, एका पायाचा नाल निघून पडला आहे, हे कळायला खाली पाहावे लागते. आणि खाली पाहणे त्या घराण्यात कुणाला शिकवलेलेच नव्हते.

एकदा शिकारीत एका पांढऱ्या काळविटामागे त्याने आपला घोडा सकाळपासून पिटाळला. रान संपले, घाट संपला, ऊन डोक्यावर आले, आणि घोडा एका निळ्या सरोवराच्या काठी येऊन थांबला. ते सरोवर धूम्रकंठ मांत्रिकाचे होते. राजपुत्राने उडी मारली, लगाम फेकला, छातीभर पाण्यात शिरून स्वतः ताठ मानेने पाणी प्याला आणि जांभळीच्या सावलीत झोपला. घोडा घामाने निथळत होता. त्याच्या खोगिराचा तंग कुणी सैल केला नाही, त्याला कुणी चार पावले फिरवले नाही. तो तसाच तापलेला पाण्यात उतरला, पोट फुटेस्तोवर प्याला, थरथरला आणि पडला.

राजपुत्र जागा झाला तेव्हा घोड्यापाशी मांत्रिक उभा होता. तो बोलला की त्याच्या गळ्यातून धूर निघे.

"हा घोडा कुणाचा?"

"माझा."

"नाव काय त्याचे?"

"घोड्याचे नाव मोतद्दाराला ठाऊक असते."

"काय झाले त्याला?"

"मेला असावा," शशिकेतू म्हणाला. "पागेत दुसरे आहेत."

"दुसरे कशाला हवेत?" मांत्रिक म्हणाला, "तू आहेस ना."

त्याने काठी टेकवली. राजपुत्राच्या जागी एक उमदा तांबडा घोडा उभा राहिला. कपाळावर पांढरी चंद्रकोर होती आणि डोळे शशिकेतूचेच होते.

मांत्रिकाने तो घोडा ओढत राजद्वारी आणला. शापाला एक दार ठेवावेच लागते, नाहीतर तो घालणाऱ्यावरच उलटतो, असा मांत्रिकांचा कायदा आहे. तेव्हा धूम्रकंठ म्हणाला, "राजा, हा तुझा पुत्र. मी तीन वेळा येईन. पहिल्या खेपेला त्याचे पोट पाहीन, दुसऱ्या खेपेला खूर, तिसऱ्या खेपेला दम. तिन्ही वेळा खरा उतरला, तर तुझ्या ध्वजस्तंभाला नाक लावताच तो माणूस होईल. एकदा जरी उणा पडला, तरी माझ्या पागेत येईल. माझ्या पागेत पुष्कळ राजपुत्र आहेत. मी त्यांच्यावर बसतो."

राजा भद्रसेन ताठ उभा राहिला. ताठ उभे राहून रडणे अवघड असते, पण त्याला ते येत होते. "माझा पुत्र आहे तो," त्याने आज्ञा केली. "त्याला पुत्रासारखेच ठेवा. पागेतले मोतद्दार दूर करा. राजपुत्राला मोतद्दार नसतात, सेवक असतात."

आणि हीच ती चूक. त्या घराण्याने ती केली नसती, तरच नवल.

सगळे मोतद्दार पागेतल्या घोड्यांसकट गावाबाहेरच्या कुरणावर धाडले गेले. घोड्याला रंगमहालात आणले. पायांखाली मखमली गाद्या अंथरल्या. चांदीची गव्हाण भिंतीत इतकी उंच बसवली की खाताना मस्तक लवू नये. त्या गव्हाणीत पुरणपोळ्या येत, तुपात भिजलेले लाडू येत, बदामाची खीर येई. वरून कण पडत ते घोड्याच्या डोळ्यांत आणि नाकात जात. तो खोकला की सेवक म्हणत, "राजपुत्रांना ठसका लागला," आणि गुलाबपाणी शिंपडत.

कुवलया रोज येऊन भावाच्या गळ्याला मिठी मारी. हळूहळू तिला वाटू लागले की दादा तिच्याकडे पाहत नाही. तो मागे वळून आपल्याच कुशीकडे पाही, पुढच्या पायाने गादी खरवडी, घामाघूम होई. मग एका सकाळी तो खाली पडला आणि लोळू लागला.

राजवैद्य धावत आला. जाणता माणूस, त्याने नाडी जबड्याखाली शोधली, मग घोड्याच्या कुशीला कान लावला आणि बराच वेळ ऐकले.

"राजकन्ये," तो म्हणाला, "आत काहीच वाजत नाही. घोड्याचे पोट गप्प झाले, तर ती बातमी चांगली नसते. आणि मांत्रिकाचा तर निरोप आला आहे, तो उद्या येणार."

तेवढ्यात खिडकीवरून कुणीतरी हसले. पाहिले तर एक साळुंकी. पागेतल्या घोड्यांच्या पाठीवर बसून गोचिड्या टिपण्यात तिचा जन्म गेला होता. घोडे कुरणावर गेल्यापासून ती उपाशी होती आणि म्हणून तिचा राग नाकावर होता.

"अगं राजाच्या पोरी," साळुंकी म्हणाली, "डोळे तुझ्या भावाचे आहेत, कबूल. पोट कुणाचं आहे?"

"घोड्याचे," कुवलया म्हणाली.

"मग घोड्याच्या पोटात पुरणपोळी घालणाऱ्या शहाण्याला माझा नमस्कार सांग! खाणं बंद कर आधी. उठव त्याला. लोळू देऊ नकोस, आतडं पिळवटेल. फिरव."

"कुठे?"

"वर्तुळात फिरव, रेषेत फिरव, हवं तर सिंहासनाभोवती फिरव. पण फिरव!"

कुवलयेने भावाला उठवले आणि दोर धरून अंगणात आणले. सकाळभर ती त्याला सावकाश फिरवत राहिली. तो बसू पाही, ती बसू देत नसे. वैद्य अधूनमधून कुशीला कान लावी. राजा सज्जात उभा होता. दुपार उतरता उतरता वैद्याने हात वर केला. "गुडगुडले!" आणि थोड्याच वेळात, राजकन्या, वैद्य, सेनापती आणि प्रधान यांच्या साक्षीने, घोड्याने अंगणाच्या मधोमध लीद टाकली.

"नगारे वाजवा!" राजा ओरडला.

नगारे वाजले. नगराला वाटले, राजाने कुठलेतरी राज्य जिंकले. तसे पाहिले तर जिंकलेच होते.

पण पुढची अडचण निराळी होती. कुवलयेने चांदीची गव्हाण काढवली आणि हिरवे गवत जमिनीवर ठेवले. घोडा भुकेला होता, तरी मान ताठ करून उभा राहिला. पोट घोड्याचे होते, पण मन राजपुत्राचे. आणि राजपुत्राला खाली वाकून खाता येईना.

"खा, दादा."

तो हलला नाही.

तेव्हा कुवलयेने आपले ताट मागवले, चौरंग बाजूला सारला, ताट जमिनीवर ठेवले आणि मांडी घालून, वाकून जेवू लागली. सेवकांनी डोळे झाकून घेतले. त्या घराण्यात असे कधी घडले नव्हते. आकाश कोसळते की काय म्हणून प्रधानाने वर पाहिले. आकाश जागच्या जागी होते. आणि घोड्याची मान हळूहळू, लाजत लाजत खाली आली, आणि त्याने गवताचा पहिला घास तोडला.

त्याच्या नाकपुड्यांतून एक लांब, समाधानी फुरफुर निघाली.

दुसऱ्या दिवशी धूम्रकंठ आला. त्याने घोड्याच्या कुशीला काठी टेकवून तिच्या वरच्या टोकाला कान लावला. आत ओढ्यासारखे खळखळत होते. "पोट ठीक आहे," तो म्हणाला आणि धूर सोडत निघून गेला.

मग साळुंकी घोड्याच्या पाठीवर राहायलाच आली. तिच्या तोंडी लागायला नको म्हणून सेवक तिला रंगमहालाची राणी म्हणत. ती दिवसभर बडबडे आणि कुवलया शिके. पोट भरायचे ते गवताने, चंदी, म्हणजे दाणा, फक्त वरची. काम जेवढे तेवढी चंदी, उभ्या घोड्याला मूठभर कमीच. थोडे थोडे द्यावे, पुष्कळदा द्यावे. आधी पाणी, मग भिजवलेले हरभरे. मिठाचा खडा चाटायला ठेवावा. नवे खाणे एकदम देऊ नये, जुन्यात हळूहळू मिसळावे. काही गोष्टी साळुंकीला सांगाव्या लागत, काही घोडाच सांगे: कान मागे पाडून, ओठ लोंबवून, किंवा खरारा करताना बरोब्बर जागी हात लागला की मान लांब करून. कुवलयेला वाटे, माणूस असताना दादा एवढे कधी बोललाच नव्हता.

पण गाद्या मात्र तशाच राहिल्या होत्या. मखमल होती, मऊ होती, म्हणून कुणाच्या मनात आले नाही. एक दिवस घोडा पुढचा पाय उचलून उभा राहिला, आणि खोलीत एक उग्र, कुजका वास भरला.

"खूर बघ," साळुंकी म्हणाली.

"कसा?"

"कसा म्हणजे? वाक, पाय उचल, मांडीवर घे. खुराचा तळ वाकल्याशिवाय कुणाला दिसलाय?"

कुवलया क्षणभर थांबली. जेवताना वाकणे वेगळे आणि कुणाच्या पायापाशी वाकणे वेगळे. मग ती म्हणाली, "थोरल्या भावाचे पाय आहेत, इतरांच्या घरी रोजच धरतात." तिने वाकून घोड्याच्या पायाला हात लावला. त्याने पाय झटकला. तिने पुन्हा हात खांद्यापासून खाली खाली आणत गुडघ्यावरून नेला आणि थोपटत राहिली. तिसऱ्यांदा त्याने पाय तिच्या हाती दिला.

तळ काळा पडला होता. मुताने भिजलेल्या गाद्यांनी खूर आतून कुजवला होता. त्याच दिवशी मखमल जाळली गेली. कोरडी जमीन झाली, वर कोरडे काड अंथरले, भिजले तितके रोज उपसले. खूर रोज सकाळी कोरून साफ होऊ लागले, वैद्याने दिलेले कडू तेल त्यांत भरले जाऊ लागले. कुरणावरच्या मोतद्दारांना मानाने परत बोलावले, नालबंद आला, त्याने वाढलेला खूर तासला आणि म्हणाला, "जनावर पाय देतंय. आता भीती नाही."

हिवाळ्याच्या तोंडाशी धूम्रकंठ दुसऱ्यांदा आला. त्याने चारही खुरांवर काठीने टकटक केली. खूर घंटेसारखे वाजले. मांत्रिकाचा चेहरा आंबट झाला, पण लगेच तो गोड बोलू लागला.

"राजा, दुसरी खेप तू जिंकलास. ही माझी भेट." त्याने पोतडीतून चार सोन्याचे नाल काढले. पाताळातल्या शापित खजिन्यातले सोने होते ते. बघणाऱ्याची नजर त्याला चिकटून बसे. "राजपुत्राच्या पायात लोखंड शोभते का?"

राजाचा हात पुढे झाला. कुवलयेने विचारले, "सोने दगडावर किती टिकते?"

मांत्रिकाने नाल उन्हात आणखी चकाकवले.

"लोखंडच असू दे," ती म्हणाली. "शोभा आम्हाला पाहायची आहे. चालायचे त्याला आहे."

मांत्रिकाने रागाने ते सोने परत पोतडीत टाकले. पण सोन्याचा मोह ज्याचा त्यालाच बाधतो. पुढे त्याने त्याच सोन्याच्या पादुका घडवून स्वतःच्या पायात घातल्या.

वसंतात तो तिसऱ्यांदा आला. खाली त्याचा घोडा होता, राखेच्या रंगाचा, बरगड्या मोजाव्यात असा. कधीकाळचा कुणी राजपुत्रच. "आता दम," मांत्रिक म्हणाला. "तुमच्या ध्वजस्तंभापासून निघायचे, शृंगगिरीला वळसा घालायचा, माझ्या सरोवरावरून आणि खडकाळ खिंडीतून इथेच परतायचे. जो आधी स्तंभाला हात लावील तो जिंकला. मंत्र चालणार नाही. चाबूक चालेल."

"स्वार मी," कुवलया म्हणाली. तिने खोगिराखालच्या घोंगडीची घडी स्वतः सरळ केली, तंगात दोन बोटे सरकवून पाहिली आणि भावाच्या कानात म्हणाली, "क्षमा कर, दादा. आज तुझ्या पाठीवर बसते." घोड्याने कान तिच्याकडे वळवले. साळुंकी खोगिराच्या पुढच्या कमानीवर बसली.

सूर्य उगवला आणि दोघे निघाले.

राखी घोडा बाणासारखा सुटला. चाबूक कडाडत होता. कुवलया सावकाश चालली, मग दुडक्या चालीने, आणि घोड्याचे अंग तापल्यावरच तिने त्याला भरधाव सोडले. चढ लागला तशी ती उतरून बरोबर चालली. मांत्रिक वरच्या वळणावरून ओरडला, "राजकन्ये, घोडा तुझ्यावर बसला नाही एवढेच नशीब!"

"पुढे बघ नाहीतर पडशील, धुरकांड्या!" साळुंकीने उत्तर दिले.

ओढा लागला. कुवलयेने घोड्याला थोडेसे पाणी दिले, आणखी चार पावले चालवले, मग पुन्हा थोडे दिले. खुरात रुतलेला खडा काढला. शृंगगिरीचा वळसा संपला तेव्हा दुपार कलली होती. पण तांबड्या घोड्याचा श्वास संथ होता आणि मान डौलात होती. मांत्रिक कुठे दिसत नव्हता.

मग सरोवर आले.

राखी घोडा काठावर पाण्यात आडवा पडला होता. मांत्रिकाला तहान लागली, तो थांबला, गळाभर पाण्यात उभा राहून प्याला. आणि तापलेला, फेसाळलेला घोडाही प्याला, पोट फुटेस्तोवर. आता मांत्रिक त्याच्यावर चाबूक ओढत होता आणि घोडा उठत नव्हता. राजकन्येला पाहताच मांत्रिकाने चाबूक फेकला आणि खिंडीकडे पायीच धावत सुटला.

"आता काय राहिलं!" साळुंकी किंचाळली. "तो पायी, तू घोड्यावर! दोन उड्यांत गाठशील. हाण!"

कुवलयेने टाच लावली. घोडा हलला नाही. पुन्हा लावली. तो त्या जांभळीकडे पाहत होता, जिच्या सावलीत तो झोपला होता; मग त्याने त्या पाण्याकडे पाहिले, जिथे त्याचा घोडा मेला होता. त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. आणि मग, कुणी गवत ठेवले नसताना, कुणी शिकवले नसताना, शशिकेतूने आपले मस्तक झुकवले आणि पडलेल्या घोड्याच्या मानेला नाक लावले.

"अगं, हरशील!" साळुंकी म्हणाली. "भाऊ गमावशील! मी सांगते ते ऐक, माझं कधी चुकलंय?"

कुवलयेचे डोळे भरून आले. खिंडीत मांत्रिक लहान लहान होत चालला होता. शर्यत गेली तर दादा त्याच्या चाबकाखाली जाईल, हे तिला दिसत होते. पण दादाने आपले सांगणे सांगितले होते, आणि इतक्या महिन्यांत ती त्याची भाषा शिकली होती. ती खाली उतरली.

"आज तुझे चुकते आहे," ती साळुंकीला म्हणाली.

तिने राखी घोड्याचा तंग कापला, खोगीर ओढून काढले. तांबड्या घोड्याच्या छातीला दोर बांधून दोघांनी त्याला पाण्याबाहेर खेचले. कुवलयेने मूठ मूठ गवत घेऊन त्याचे अंग चोळले, त्याला उभे केले आणि चालवले. दोन्ही हातांत दोन दोर आणि दोन्ही बाजूंना दोन घोडे घेऊन ती खिंडीत शिरली. घाई करण्यात आता अर्थ नव्हता. आजारी घोडा चालतो तेवढेच चालायचे होते.

पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या पायांनी प्रवास केला, त्याचे स्वतःचे पाय त्याला कुठवर नेणार? खिंडीच्या वरच्या टोकाला, जिथून ध्वज दिसतो, तिथे धूम्रकंठ एका शिळेवर बसला होता. सोन्याच्या पादुका दगडावर घासून कागदाएवढ्या झाल्या होत्या आणि दोन्ही तळव्यांना फोड आले होते. शापित सोने पायाला चिकटून बसले होते. काढता येईना, चालता येईना.

"राजकन्ये," तो कण्हला, "माझ्या पायात खडा रुतला आहे."

"वाकून पहा," कुवलया म्हणाली.

"मला वाकता येत नाही." त्याच्या गळ्यातून अखेरचा धूर निघाला. "तुमच्या मूळ पुरुषाला तो नेम मीच दिला होता. ज्याला खाली पाहता येत नाही, त्याचा घोडा कधी ना कधी माझ्या पाण्यावर येऊन मरतो. मग मला राजपुत्र मिळतो. पण नेम देणाऱ्यालाही तो पाळावा लागतो."

कुवलयेने उसासा टाकला, वाकली, त्याच्या पायातला खडा काढून दिला आणि पुढे चालू लागली.

दिवस मावळायच्या आत नगराने पाहिले: राजकन्या पायी येत होती, दोन्ही बाजूंना दोन घोडे होते आणि डोक्यावर साळुंकी होती. नगारे वाजू लागले. कुवलयेने स्तंभाला हात लावला. तांबड्या घोड्याने नाक टेकवले, आणि तिथे शशिकेतू उभा राहिला. मांत्रिक हरला तसे त्याचे सारे शाप सुटले; राखी घोड्याच्या जागी दूरदेशीचा एक कृश राजपुत्र उभा राहिला. आणि त्याच क्षणी मांत्रिकाच्या पागेत, जितके घोडे होते तितकी माणसे एकमेकांकडे पाहून रडू आणि हसू लागली. फुले उधळली गेली. गावात त्या दिवशी चूल पेटली नाही. सगळे नगर राजाच्या पंगतीला बसले, आणि पंगत जमिनीवर होती.

शशिकेतू मात्र पंगतीआधी पागेत गेला. त्याने थोरल्या मोतद्दाराला विचारले, "सरोवरावर मेला त्याचे नाव काय होते?"

"पारवा, महाराज. हाक मारली की डावा कान आधी वळवायचा."

शशिकेतूने ते नाव एकदा मोठ्याने उच्चारले आणि पुष्कळ वेळ तो खाली पाहत राहिला. पुढे सरोवराच्या काठी त्याने घोड्यांसाठी एक उथळ हौद बांधला. थकलेल्या घोड्यांना तिथे थोडे थोडे पाणी मिळे. आणि ते देण्याचे काम धूम्रकंठाकडे होते. गळ्यात धूर उरला नव्हता. वाकणे त्याला हळूहळू आले.

राजा भद्रसेनही पागेत आला. मोतद्दारांनी पागेचे दार घोड्यांना वारा लागू नये म्हणून बेताचेच केले होते. राजा उंबऱ्याशी अडला. त्याने दाराकडे पाहिले, मुलाकडे पाहिले, मुलीच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिले, आणि वाकून आत आला. मुकुट निसटून गवतात पडला. एका घोड्याने तो हुंगला, खाण्यासारखा नाही हे पाहिले, नाकाने बाजूला सारला आणि खालचे गवत खाऊ लागला.

राजा इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. मुकुट त्यानेच उचलला.

त्यांच्या पागेतली पेंढी सरली नाही आणि हौदातले पाणी आटले नाही. ऐकणाऱ्यांच्या दारीही दाणापाणी असेच राहो.